दसऱ्याचा झेंडू कुठला?

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. लिहिण्याचा सराव नाही. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह केला आणि एक गोष्ट मनाला टोचत होती, म्हणून या चार ओळी.

बागेतले दोन वाफे आपल्या मंडळाकडे आले, तेव्हा सभेत झालेला वाद आपणांस आठवत असेलच. माझी एक मैत्रीण म्हणाली, "हिवाळ्यासाठी डेलिया, पिटुनिया लावू." मी तावातावाने उठले. "ही साहेबाची फुले! आपला झेंडू नि निशिगंध काय वाईट?" सभा माझ्या बाजूने झाली. मैत्रीण मात्र दुखावली, ती आजवर.

पुढे मुलाचे वनस्पतींचे पुस्तक चाळले आणि मी खजील झाले. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा! पोर्तुगीज लोक समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर तो इकडे रुजला. तिकडे आजही नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला लोक पितरांसाठी झेंडूची आरास करतात. निशिगंधही मेक्सिकोचाच, आणि शेवंती चीनची. ज्या डेलियाला मी परका म्हटले, तो तर झेंडूचाच गाववाला! १७८९ साली तो स्पेनमधील माद्रिदच्या बागेत पोहोचला आणि तेथून जगभर पसरला. उलट आपला तेरडा, ज्याची आपण गौर मांडतो, तो इथून विलायतेच्या बागांत गेला. फुलांनी असा लेकी-सुनांसारखा माहेर-सासरचा प्रवास केला आहे.

मग साहेबाचे काय? ऋतूप्रमाणे वाफे पालटण्याची चाल मात्र त्याची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात काचघरात रोपे वाढवून ती बागेत मांडण्याची पद्धत पडली. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्यासोबत आपला चांदाही इंग्रजांकडे गेला. त्यांच्या अंमलाबरोबर ही पद्धत इकडच्या बागांत आली. मुंबईची राणीची बाग १८६२ साली उघडली, तीही त्याच काळातली.

पण विलायतेचा उन्हाळा तो आपला हिवाळा. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे पिटुनिया कशी टिकणार? म्हणून तिकडची उन्हाळी फुले आपण पाऊस ओसरल्यावर पेरतो, म्हणजे ती पौष-माघात बहरतात. पावसाळ्यात झेंडू, तेरडा. थंडीत डेलिया, पिटुनिया. उन्हाळ्यात झिनिया नि चिनी गुलाब, असा फेर धरला तर वाफा बारमाही हसता राहतो.

आम्ही हे केले नाही. दिवाळीनंतर झेंडू सुकला आणि सारी थंडी आपले वाफे उघडे पडले. मुले येत, रिकामी माती पाहून परत जात. हा दोष माझा होता. फूल आपले की परके, हे त्याच्या जन्मगावावरून ठरवू नये; ज्या हातांनी त्याला पाणी घातले आणि ज्या देव्हाऱ्यात ते वाहिले, त्यांचे ते होते.

माझ्या मैत्रिणीने हे वाचावे, अशी इच्छा आहे. बाई गं, मी चुकले. यंदा पाऊस ओसरला की एक वाफा डेलियाचा. कंद तू निवड. खड्डे मी खणते, शेणखत मी आणते.