बालशिक्षणातील जीवनव्यवहाराचे खेळ : एक ऐतिहासिक विचार

मराठीत 'वळण' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. अक्षराला वळण असते, तसे मुलालाही वळण लावावयाचे असते. हाताची हालचाल आणि वागण्याची रीत ह्या दोहोंना एकाच शब्दाने संबोधणाऱ्या भाषेत, हाताचे शिक्षण हे केवळ स्नायूंचे शिक्षण नव्हे ही जाण आधीच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. गुंड्या लावणे, पाणी ओतणे, धान्य निवडणे, हात धुणे ह्या क्रिया खेळाच्या रूपाने शिकविण्याची प्रथा बालशाळांत आता रूढ झाली आहे. तिचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत टिपणात तो हेतूंचा इतिहास म्हणून पाहावयाचा आहे. कारण क्रिया तीच राहूनही तिचा हेतू स्थळागणिक पालटलेला दिसतो.

फ्रोबेल ह्यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांच्या खेळाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. चेंडू, ठोकळे, कागदाच्या घड्या, बोटांचे खेळ ह्यांमधून बालकाला विश्वातील एकत्वाची प्रतीती यावी, ही त्यांची भूमिका होती. येथे हात कुशल होत असे खरे. परंतु त्या कौशल्याचा अर्थ मुख्यतः प्रतीकात्मक होता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये एद्वार सेगँ हे मतिमंद मुलांना शिकविण्याच्या खटपटीत होते. ज्या मुलांना समाजाने अशिक्षणीय ठरविले होते त्यांना चालणे, वस्तू धरणे, कपडे घालणे-काढणे टप्प्याटप्प्याने शिकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १८६६ मध्ये त्यांनी आपली पद्धती इंग्रजी ग्रंथात मांडली. सेगँ ह्यांच्या दृष्टीने गुंडी लावता येणे हे प्रतीक नव्हते. परावलंबी म्हणून गणलेल्या मुलाच्या माणूसपणाचा तो पुरावा होता.

मारिया माँटेसरी ह्यांनी सेगँ ह्यांच्या ग्रंथांचा कसून अभ्यास केला, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो ह्या कामकरी वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणारी मुले इमारतीची नासधूस करतात, ही ते उघडण्यामागची घरमालक संस्थेची व्यावहारिक अडचण होती. तेथे मुलांना हातपाय धुणे, केस विंचरणे, टेबल मांडणे शिकविण्यात येऊ लागले. गुंड्या, नाड्या, फिती ह्यांच्या सरावासाठी लाकडी चौकटी आल्या. माँटेसरींनी नमूद केलेला एक प्रसंग ह्या संदर्भात लक्षणीय आहे. नाक कसे शिंकरावे ह्याचा धडा त्यांनी शांतपणे दिला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की, नाकाबद्दल मुलांना नेहमी बोलणी खावी लागत. परंतु ते स्वच्छ कसे करावे हे कोणी समजावून दिलेले नव्हते. अर्थात जीवनव्यवहाराच्या शिक्षणाचा मुलाच्या मानाशी निकटचा संबंध आहे. अशा कृतींना माँटेसरी 'खेळ' न म्हणता 'काम' म्हणत, ह्यालाही हेच कारण असावे.

भारतात हा विचार त्या स्वतः १९३९ मध्ये येण्यापूर्वीच पोहोचला होता. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु ठराविक मापाची, खर्चिक साधने असणारे बालमंदिर हे मुख्यतः शहरी, सुस्थित घरांनाच परवडणारे होते. गरीब वस्तीत जन्मलेली पद्धती अशा रीतीने संपन्न घरांपुरती राहू लागली.

ह्या विसंगतीला उत्तर मिळाले ते बोर्डी येथे. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. आंघोळ, नखे कापणे, वेणीफणी हाच तेथला पहिला पाठ होता. बिया, पाने, खडे, शिंपले ही साधने होती. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच बदलले. गुरे राखणाऱ्या आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलाच्या हातांत कौशल्याची वाण नव्हती. वाण होती ती सवडीची. म्हणून गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, आणि भावंडांना सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका छपराखाली आणण्यात आली. आधी कुशल असलेल्या हाताला चौकटीवरची गुंडी काय शिकविणार, हा प्रश्न येथे आपोआपच उभा राहतो. सान लोरेंझोत व्यवहार शाळेत आणावा लागला होता. कोसबाडला शाळाच व्यवहारात न्यावी लागली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्दाचा प्रसार झाला म्हणजे त्याचा आशयही सोबत गेला, असे भाषेच्या अभ्यासकाला गृहीत धरता येत नाही. अंगण हे मुलाच्या घराचे असते. तेथे शिकलेली क्रिया त्याच दिवशी, त्याच घरात उपयोगी पडते. ओतण्याचे, निवडण्याचे, बांधण्याचे संच आज तयार विकत मिळतात आणि बोटांचा सराव त्यांनी निश्चितच होतो. परंतु तोच मुलगा घरी गेल्यावर त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला जातो, की त्याला पाणी पाजले जाते? ह्या खेळांचे मूल्यमापन करू इच्छिणाऱ्या संशोधकाने आपली पाहणी शाळेच्या उंबरठ्यापाशी थांबवू नये, एवढेच ह्या इतिहासावरून सुचवावयाचे आहे.