सिएनाच्या चौकातील युद्ध

सिएनाच्या पियाझा देल काम्पोमध्ये आम्ही उतरलो ते अक्षरशः. शिंपल्याच्या आकाराचा हा चौक नगरभवनाकडे उतरत जातो. विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग १२८७ ते १३५५ या काळात येथे सत्तेवर असलेल्या नऊ जणांच्या मंडळाची खूण मानतात. १२६०मध्ये मोंतापेर्तीला फ्लोरेन्सला धूळ चारणारे हे प्रजासत्ताक १५५५मध्ये स्पेन व मेदिची यांच्या सैन्याला शरण गेले. त्यानंतर वैरी उरला तो शेजारच्या पेठेत.

दरवर्षी २ जुलै व १६ ऑगस्टला येथे पालिओची शर्यत होते. सतरा कोन्त्रादांपैकी (आपण पेठाच म्हणू) दहांचे घोडे धावतात. तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट, खोगीर नाही. घोडा चिठ्ठीने वाट्याला येतो, स्वार भाडोत्री असतो. तो पडला तरी घोडा एकटा जिंकू शकतो. वैरी पेठ हरावी म्हणून इतर स्वारांना पैसे चारणे हे तर उघड गुपित.

याला मध्ययुगीन स्वातंत्र्याचा अवशेष म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. पेठांच्या आजच्या सीमा १७२९मध्ये ठरवल्या त्या मेदिचींची विधवा सून आणि सिएनाची राज्यपाल व्हिओलांते बेआत्रिचे हिने. जेत्यांच्या घराण्याने आखलेल्या त्या रेषांसाठी सिएनाकर आजही धाय मोकलून रडतात. आणि पेठेच्या मुलांचा, चर्चमधल्या बाप्तिस्म्याखेरीज, पेठेच्या कारंज्यापाशी आणखी एक बाप्तिस्मा होतो.