'फ्लाइंग डचमन': वादळ खरे, पण कथा कोणाची?

जुलै १८३९. कर्जाने बेजार झालेला सव्वीस वर्षांचा एक जर्मन संगीतकार रशियन अमलाखालील रीगा शहरातून गुपचूप निसटला. सोबत पत्नी मिना आणि 'रॉबर' नावाचा अवाढव्य कुत्रा. पारपत्र जप्त झालेले, म्हणून सरहद्द चोरून ओलांडली आणि पिलाऊ बंदरात 'थेटिस' नावाचे छोटे व्यापारी जहाज गाठले. हा संगीतकार म्हणजे रिचर्ड वाग्नर.

लंडनचा प्रवास आठवडाभराचा, लागले तीन आठवड्यांहून अधिक. वादळामुळे जहाजाने नॉर्वेच्या एका खाडीत आसरा घेतला. खलाशांच्या आरोळ्या तिथल्या कड्यांवर आदळून परतल्या आणि त्यातूनच आपल्याला खलाशी-गीताची लय गवसली, असे वाग्नर पुढे सांगत असे.

प्रसंग खरा आहे. मात्र ऑपेराचा उगम एवढाच मानणे भाबडेपणाचे ठरेल.

केप ऑफ गुड होपला वळसा घालण्याच्या हट्टापायी शापित होऊन अनंतकाळ भटकणारा डच कप्तान, ही दंतकथा खलाशांमध्ये प्रचलित होतीच. परंतु एकनिष्ठ स्त्रीच्या प्रेमाने त्याला मुक्ती मिळते, हा ऑपेराचा प्राण वाग्नरला लाभला तो कवी हाइनरिख हाइनेच्या १८३४ च्या एका कथनातून. गंमत अशी की, हाइनेने ती गोष्ट चक्क थट्टेच्या सुरात सांगितली आहे! त्याचा निवेदक नाटक अर्ध्यावर सोडून एका सुंदरीच्या मागे जातो आणि थेट शेवटच्या प्रवेशाला परततो.

हाइनेच्या गोष्टीतील व्यापारी स्कॉटिश. वाग्नरच्या मूळ संहितेतही घटनास्थळ स्कॉटलंडच होते. पहिल्या प्रयोगाच्या थोडेच आधी ते नॉर्वेत हलले आणि 'डोनाल्ड'चा 'डालांड' झाला. म्हणजे नॉर्वेचे वादळ कथेत शिरले ते सर्वांत शेवटी.

दरम्यान पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत असलेल्या वाग्नरने १८४१ मध्ये कथेचा आराखडा तिथल्या ऑपेरागृहाला ५०० फ्रँकना विकला. त्याच विषयावर दुसऱ्याच संगीतकाराने, डीचने, रचलेला ऑपेरा १८४२ मध्ये रंगमंचावर आला आणि लवकरच विस्मृतीत गेला. वाग्नरची स्वतःची कृती २ जानेवारी १८४३ रोजी ड्रेस्डेनला सादर झाली. प्रयोग झाले अवघे चार.

त्याच वर्षीच्या आत्मकथनात त्याने हाइनेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. १८५० मध्ये त्याने ज्यू संगीतकारांवर विखारी निबंध लिहिला. त्यात जन्माने ज्यू असलेल्या हाइनेलाही सोडले नाही. पुढे १८७१ मध्ये ते आत्मकथन पुनर्मुद्रित झाले, तेव्हा हाइनेला दिलेले श्रेय वाग्नरने स्वतःच्या हाताने कमी केलेले होते.