पेव, उतरंड आणि माळवदावरचं ऊन

आमच्या सोलापूर भागात सणाची तयारी सणाच्या आठवड्यात होत नसे. गौरीच्या ताटातली कुरडई चैत्रात घातलेली असायची. आषाढात पंढरपूरला निघालेल्या माणसाच्या फडक्यातली शेंगाची चटणी आदल्या सुगीच्या शेंगांची असायची, आणि दिवाळीत पाहुणा आला की आमटीत पडणारं काळं तिखट वैशाखात कांडलेलं. सगळे सण पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ यायचे, आणि ते साजरे व्हायचे उन्हाळ्याच्या जिवावर. शिमगा झाला की घरातल्या बायांच्या तोंडी एकच शब्द असायचा, मिरीग. सात जूनच्या आसपास मृग लागतो. त्याच्या आत जे वाळेल ते आपलं, पुढं चार महिने उन्हाचा भरवसा नाही.

हा भरवसा नसणं आमच्याकडं नुसत्या उन्हापुरतं नव्हतं. सोलापूर जिल्हा पावसाच्या छायेतला. तीन-चार वर्षांत एखादं वर्ष कोरडं जाणार हे धरूनच माणसं संसार मांडायची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात या भागाचे फार हाल झाले, १८९६-९७ ला पुन्हा झाले. त्याच्याही कितीतरी आधीची, पंधराव्या शतकातली दामाजीपंतांची गोष्ट तर आमच्या मंगळवेढ्याचीच. दामाजीपंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात माणसं दारात मरायला लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं खुली केली. बादशहाने पकडून न्यायला माणसं पाठवली, आणि विठोबाने विठू महाराचं रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, असं भाविक सांगतात. लहानपणी ही गोष्ट आम्ही देवाची म्हणून ऐकली. आता वाटतं, ती आधी कोठाराची गोष्ट आहे. धान्य साठवलेलं असणं आणि ते कुणासाठी उघडायचं, हे दोन प्रश्न आमच्या मातीत त्या काळापासून आहेत.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यातलं. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. ज्वारी रब्बीची, म्हणजे भाद्रपद-आश्विनात पेरायची आणि थंडीच्या दवावर व जमिनीतल्या ओलीवर पिकवायची. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ याच भागातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात बातमी वाचून गावातला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या पेवाला कवा मिळतंय की?"

त्याचं म्हणणं थट्टेतलं असलं तरी खोटं नव्हतं. ज्वारी पिकवणं अर्धं काम, ती टिकवणं उरलेलं अर्धं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. पांढरीच्या घट्ट, कोरड्या जागेत खणायचं. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखं पोट. आतून सारवून घ्यायचं, बुडाला आणि कडेनं कडबा नाहीतर काड लावायचं, कडक वाळलेली ज्वारी ओतायची, वर भुसकट, मग दगडी चीप, आणि चिपेच्या सांदी चिखलानं लिंपून टाकायच्या. आत कोंडलेलं धान्य स्वतःच श्वास घेतं, आतला प्राणवायू संपवतं आणि कर्बवायू साठतो. मग किडा जगत नाही. हे शास्त्र कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण त्याचा धाक सगळ्यांना ठाऊक होता. पेव उघडलं की दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. हा नियम न पाळल्यानं माणसं गुदमरून मेल्याच्या गोष्टी आसपासच्या गावांतून ऐकू यायच्या.

कडेच्या ज्वारीला एक आंबूस वास लागायचा, रंग पिवळा पडायचा. ती वेगळी काढायची. मधली ज्वारी मात्र चार-पाच वर्षांनीही भाकरीला चालायची. मराठीत एखादी गोष्ट अचानक उदंड झाली की 'पेव फुटलं' म्हणतात. शहरात हा शब्द आता दुकानांना आणि क्लासेसना लावतात. मूळचं पेव फुटायचं तेव्हा घराला आनंद नसायचा. पेव फोडायची वेळ आली म्हणजे वरचं सगळं संपलेलं असायचं.

पेव पुरुषांच्या अखत्यारीतलं, उतरंड बायकांच्या. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी मडक्यांची रास म्हणजे उतरंड. तिच्यात डाळी, चिंचेचे मिठातले गोळे, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, गवारीच्या शेंगा, बोरकूट, सांडगे, जवस आणि कारळं. डाळीला एरंडेलाचा हात, कडधान्याला राख, गव्हात लिंबाचा पाला. लोणच्याची चिनी मातीची बरणी या राशीत नसायची. ती देवळीत, फडक्यानं तोंड बांधून.

माझी आज्जी तरुणपणी विधवा झाली होती. म्हणून आमच्या घरी पेवाचा निर्णयही तिचाच आणि उतरंडीचाही. तिच्याकडून ऐकलेले नियम मी पुढं पुस्तकांत पुन्हा भेटलेले पाहिले. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या आचाऱ्यानं काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट मारून ती उकळली, की अन्न महिनोन्‌महिने टिकतं हे दाखवलं. सैन्याच्या आणि आरमाराच्या अन्नाची चिंता असलेल्या सरकारनं त्याला १८१० साली बारा हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. अन्न का टिकतं हे अपेरला सांगता येत नव्हतं, ते पुढं लुई पाश्चरनं सांगितलं. आमच्या आज्जीलाही सांगता येत नव्हतं. ती एवढंच म्हणायची, "पाण्याचा हात लावू नगं, आन्‌ वरनं त्याल कमी पडू दिऊ नगं." पाणी काढून घ्या, हवा बंद करा, मीठ घाला. युरोपात सरपण आणि काच होती, त्यांनी उकळून बाटलीत भरलं. आमच्याकडं ऊन होतं, आम्ही वाळवलं.

वाळवायची जागा म्हणजे माळवद. धाब्याच्या घराचं मातीचं सपाट छप्पर. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा. पहाटे चारला चूल पेटायची. उकळत्या पाण्यात मीठ, हिंग आणि चीक घालून दोघींनी मिळून घाटायचं, कारण गुठळी झाली की घाणा गेला. सूर्य वर यायच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत, आणि त्याच दिवशी त्या वरून कोरड्या झाल्या पाहिजेत, नाहीतर आंबतात. आम्हा पोरांना वाटीभर गरम चीक मिळायचा, तूप-साखर किंवा नुसतं दूध घालून. त्या बदल्यात दिवसभर काठी घेऊन कावळे हाकायचे आणि पश्चिमेला ढग दिसला की ओरडायचं. वळवाचा पाऊस दहा मिनिटांत चार दिवसांचं काम बुडवायचा.

पापडाला आवतण असायचं. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. उडदाचं पीठ पापडखार घालून घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून दगडावर कुटायचं, मग लाट्या. शेवया पाटावर, काळं तिखट उखळात, येसूराची धान्यं खापरात भाजून जात्यावर. शिंका, खोकला, गाणी, भांडणं, सगळं त्या दुपारी. मुंबईत गिरगावात सात बायकांनी १९५९ साली ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. माझ्या डोळ्यांपुढं ती गच्ची आली की आमचं माळवदच येतं. फरक एवढाच की आमच्या बायांच्या कामाला कुणी कधी किंमत लावली नाही.

आणि सगळ्यांना सारखा मानही नव्हता. पाळीतल्या बाईची सावली बरणीवर पडू द्यायची नाही. आज्जीच्या हातची कुरडई गौरीपुढं चालायची, पण गौरीची ओटी भरायला आज्जी चालायची नाही. ती नैवेद्याचं ताट वाढायची, आईच्या हाती द्यायची आणि स्वतः मागं सरायची. याबद्दल ती कधी बोललेली मला आठवत नाही.

१९७२ साली मी तिसरीत होतो. आधीची दोन वर्षंही कमी पावसाची गेलेली, आणि त्या वर्षी रब्बीची पेरणीच झाली नाही. भाद्रपदात गौरी आल्या त्या उन्हाळ्यात घातलेल्या कुरडयांवर. आज्जी दरवर्षी नव्या कुरडया होईपर्यंत जुन्यांतल्या ओंजळभर राखून ठेवायची. त्या वर्षी तिनं ताटात एकच ठेवली आणि बाकीच्या मडक्यात परत टाकल्या. थंडीत पेव फोडलं.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या, आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एक काकू दारात आल्या. "आक्का, लेकरं झोपंनात," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या हातात पाटी होती. आज्जी म्हणाली, "पाटी नगं, पोतं घिऊन ये." मग आणखी चार घरं आली. उसनवारीची रीत सवाईची होती, पायलीला सव्वा पायली फेडायची. आज्जीनं पायलीला पायली ठरवली आणि भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. तिच्या या वागण्याचं गावात कौतुक व्हायचं, अजून होतं. पण त्या रेघा फेडायला ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी धान्य कुठून आणायचं? त्यांनी पुढच्या दोन सुग्या आमच्या रानात काम करून त्या फेडल्या. त्या दोन वर्षांत आमच्या घरचा काढणीचा खर्च जवळपास झाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याच्या दारात पेव, त्याच्या हातात दुसऱ्याचे दिवस. वाळवणाच्या आठवणी लिहिणारे आपण बहुतेक शेतवाल्यांच्या घरातले असतो, म्हणून हे लिहायचं राहून जातं. त्या काकूंच्या घरी उतरंड होती ती दोन मडक्यांची. एकात चिंच, एकात मीठ.

पेवही उन्हाळ्यापर्यंत पुरलं नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली. तिची भाकरी थापताना फाटायची. शाळेत आणि कामावर सुकडी वाटायचे. दुष्काळी कामं निघाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्याची मुळं या कामांत आहेत. आमच्या आईसकट गल्लीतल्या बाया खडी फोडायला जाऊ लागल्या. १९७३ च्या त्या उन्हाळ्यात माळवद मोकळं राहिलं. गहू नव्हता, उडीद नव्हता, पाणीही भिजत घालण्याइतकं नव्हतं. ज्या उन्हाकडं बाया वर्षभर आशेनं बघायच्या, त्याच उन्हात त्या फडक्यानं डोकं बांधून दगड फोडत बसल्या होत्या.

पुढं पाऊस झाला, पेवं मात्र पूर्वीसारखी भरली नाहीत. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, यथावकाश कालव्याचं पाणी रानात आलं, ऊस आला. जिथं पाणी आलं तिथं जमिनीत ओल वाढली, आणि ओलीत पेव टिकत नाही. दुष्काळाची भीती कमी करणाऱ्या पाण्यानंच दुष्काळासाठी केलेली सोय बुजवली. याचं मला दुःख नाही. भीतीपोटी केलेली साठवण भीती गेल्यावर जाणारच. आमचं पेव माती टाकून भरलं, त्यावर आता मोटारसायकली लागतात. धाब्याच्या जागी स्लॅब आला, तो वाळवणाला माळवदापेक्षा बरा, माती लागत नाही.

सगळं संपलं असंही नाही. आमच्या भागाची कडक भाकरी बघा. पातळ थापायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पाणी पूर्ण जाईपर्यंत कडक करायची. महिनाभर हलत नाही. विजयपूर-कलबुर्गीकडच्या कानडी मुलखाशी आमचा हा जुना सांधा आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला येणारी माणसं पूर्वी ती बांधून आणायची, भोगीला तीळ लावलेली बाजरीची आणायची. आज सोलापुरात बचत गटाच्या बाया ती पाकिटातून विकतात. पुण्या-मुंबईला जाते, परदेशी पोरांच्या बॅगेतही जाते, सोबत शेंगाची चटणी. ज्या काकूंनी पोतं नेलं होतं त्यांची सून अशाच एका गटात आहे. गेल्या वर्षी मी तिच्याकडून कुरडया घेतल्या. पैसे देताना मी म्हणालो, "सुट्टे राहू द्या."

ती म्हणाली, "न्हाई दादा, हिशेब चोख बरा," आणि वहीत लिहून, वीस रुपये परत देऊन मोकळी झाली.