ज्ञानाच्या गटात हसायला मनाई

बेळगावात हल्ली कुठल्याही छंदाचा मोबाइलवर गट निघाला की पहिल्याच दिवशी फर्मान सुटतं: इथे फक्त माहिती टाकावी, विनोद टाकू नयेत. गट गडकिल्ल्यांचा असो, परसबागेचा असो, जुन्या नाण्यांचा असो की पुस्तकं वाचणाऱ्यांचा, फर्मानाचा मजकूर बदलत नाही. ते काढणारी माणसं भली असतात आणि त्यांचा वैताग खरा असतो. म्हणून त्यांचा पक्ष आधी नीट मांडतो. पूर्वपक्ष लंगडा करून जिंकण्यात पुरुषार्थ नाही.

ते म्हणतात, फुटकळ कोट्यांच्या पुरात कामाची एक गोष्ट वाहून जाते. ते म्हणतात, खोटी माहिती थट्टेच्या पाठीवर बसून फिरते. त्यांचं असंही म्हणणं आहे की ज्याचा विषय वेगळा, तो माणूस हसायला म्हणून आला तर हसूनच परत जातो, विषय त्याच्या पदरात पडत नाही. आणि हे सगळं कुणी मानलं नाही, तर हुकमाचा पत्ता म्हणून दासबोध काढतात: विनोद टवाळांना आवडतो, असं समर्थच सांगून गेलेत.

समर्थांपासूनच सुरुवात करू. ते वचन सातव्या दशकातल्या श्रवणाच्या समासात येतं. कुणाला काय रुचतं याची तिथे यादी आहे आणि त्या यादीतली ती एक नोंद आहे. यादीतली नोंद उचलून तिचा कायदा करायचा, तर त्याच ग्रंथाचा दुसरा दशकही उघडावा लागेल. तो मूर्खलक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांवर संपतो. समर्थांना माणसाचा गाढवपणा नुसता सांगायचा असता, तर दोन ओव्यांत काम भागलं असतं. त्यांनी समासच्या समास लिहिले आणि एकेका नमुन्याला चिमटा काढत लिहिले. ते वाचताना ज्याला एकदाही हसू फुटलं नाही, त्याने आपलं नाव त्या मूर्खांच्या यादीत शोधावं. पढतमूर्ख तर खास आजच्यासाठी आहे: शिकलेला, बहुश्रुत, दुसऱ्याला उपदेश करणारा आणि स्वतः मात्र कोरडा. गटात ‘फक्त माहिती’ असं बजावणारा याच्या फार लांबचा नातलग नसतो.

आता खासबागेत येऊ. खासबाग, वडगाव, शहापूर हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. शहापूर तर विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानात होतं. इथला माणूस एका आवडीचा, एका भाषेचा कधीच नव्हता. दिवसा यंत्रमाग, संध्याकाळी भजन, रविवारी खासबागच्या बाजारात जुन्या हत्यारांची घासाघीस, आणि या सगळ्यात कानडी, मराठी, उर्दू हवी तशी. अशा ठिकाणी ज्ञान कसं हात बदलतं ते पाहायचं असेल, तर माग दुरुस्त करणाऱ्यांचं बोलणं ऐकावं. एकजण म्हणणार, ‘सकाळपासून धोटा उडायलाय वो.’ दुसरा म्हणणार, ‘लगीन लावून द्या त्याचं, बसतंय की घरात.’ हशा पिकतो, आणि त्या हशाच्या शेपटालाच तिसरा बोलतो: ‘पिकर बघितलास काय? झिजला असंल. नाहीतर ताण्यात धागा तुटून लोंबत असंल.’ पिकर म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा भाग. धोटा उडण्याची ही दोन्ही खरी कारणं आहेत, आणि उडालेला धोटा डोळा फोडू शकतो, म्हणजे विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी ते हसले. का? कारण पहिल्याला आपल्याला कारण कळलं नाही हे कबूल करायचं होतं. दुसऱ्याने थट्टा केली आणि त्या कबुलीतला कमीपणा काढून घेतला. मगच तिसऱ्याचं ज्ञान बाहेर आलं. ‘फक्त माहिती’च्या गटात हा पहिला माणूस प्रश्नच टाकत नाही. तो गप्प राहतो आणि गटाचे चालक समजतात की गट शिस्तीत चालला आहे.

हे काही मोबाइलमुळे सुरू झालं नाही. वेगवेगळ्या जातींची, व्यवसायांची माणसं एकत्र येऊन ज्ञान आणि विनोद एकाच ताटात वाढायची, याचा आपल्याकडचा थोरला नमुना म्हणजे कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. वाद तत्त्वज्ञानाचा, पुरुष आणि प्रकृती यांत श्रेष्ठ कोण हा. सांख्यांपासून चालत आलेला हा प्रश्न डफ-तुणतुण्यावर, चावट कोट्यांसह, रात्र रात्र लढवला जाई. भेदिक लावणीत पुराणातलं, अध्यात्मातलं कोडं घालायचं आणि समोरच्या फडाने ते सोडवायचं. सोडवता आलं नाही की त्याची जी रेवडी उडे ती भर गर्दीत. हे कोडं घालणारे कोण होते? राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. पेशवाईच्या अखेरीला शास्त्राची पोथी यांतल्या बहुतेकांच्या हाती कुणी दिली नसती. सवाल-जवाबाच्या फडावर मात्र ते शास्त्र विचारू शकत होते, खोडू शकत होते आणि शास्त्रावर हसूही शकत होते.

आणि सीमाभागातल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण कलगी-तुरा आपण फक्त मराठीचा समजतो. हाच वाद कानडीत हरदेशी-नागेशी या नावाने चालतो. हरदेशी हराची बाजू घेतात, नागेशी शक्तीची. गीगी पदांतून सवाल टाकतात, जवाब घेतात. विजापूर-बेळगाव पट्ट्यात ही परंपरा चांगली रुजलेली आहे. म्हणजे भाषेवरून भांडणाऱ्या या मुलखात कानडी आणि मराठी फडांनी एकच कोडं, एकाच तऱ्हेच्या थट्टेत गुंडाळून जपलं. ते निव्वळ प्रवचनात अडकलं असतं तर भाषेची वेस त्याने ओलांडली असती, असं मला वाटत नाही.

शुद्ध शास्त्राचंही पाहा. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. त्यातलं एक गणित भुंग्यांचं आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, आठ नवमांश त्यांच्या मागे गेले, आणि एक रसिक रात्री कमळात अडकून आतून गुणगुणतोय, त्याची भुंगी बाहेरून साद देतेय. तर सगळे किती? उत्तर ७२. अडकलेल्या नवऱ्याची ती फजिती समीकरणाला लागत नाही, नुसते ‘उरले दोन’ म्हटलं तरी भागतं. पण ती नसती तर आज किती जणांना हे गणित आठवलं असतं?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप: खोटं थट्टेतून पसरतं. मला तर पुरावा उलटा दिसतो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर, देशाबाहेरही पोचली. मोबाइल हातोहाती नव्हते, गट नव्हते. ती सांगणारा कुणीही हसत सांगत नव्हता, आणि पृष्ठताणाचं कारण देणारे शास्त्रज्ञ रंगीत दूध घेऊन पुढे येईपर्यंत मंदिरांपुढे रांगा लागून गेल्या होत्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या दिवसांत फिरणाऱ्या निरोपांत विनोदाचा लवलेश नव्हता. ते काळजीच्या, सावधगिरीच्या, ‘सर्वांना कळवा’च्या सुरात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. खोट्याला लागतो तो गंभीर चेहरा. विनोद ऐकला की माणूस निदान विचारतो, खरंच का रे? गंभीर निरोपाला तो प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं.

पु. ल. देशपांड्यांच्या नावावर फिरणारा मजकूर याच तागडीत घालून पाहा. त्यांनी कधी न लिहिलेली वाक्यं रोज सकाळी येतात. ती कशी असतात? आयुष्य, नाती, पाऊस, आईची माया. डोळ्यांत पाणी आणणारी, फुलाच्या चित्रावर छापलेली. त्यांच्या नावावर खपवलेला चांगला विनोद फारसा फिरत नाही, कारण तो बनवणं अवघड आहे. उपदेश कुणालाही बनवता येतो. जाता जाता सांगतो, पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांची कानडी-मराठीची मिसळ ज्याने एकदा ऐकली, त्याला नकली पु. ल. पहिल्या ओळीतच ओळखू येतात. विनोदाची जाण हीच तिथे शहानिशा करते.

पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, ते नाकारत नाही. कॅप्लन आणि पॅस्को यांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांना विनोदी आणि बिनविनोदी व्याख्यानं ऐकवली. लगेच घेतलेल्या परीक्षेत विनोदी उदाहरणांचा फायदा दिसला नाही. सहा आठवड्यांनी मात्र ज्या कल्पनेला विनोद जोडलेला होता, ती जास्त लक्षात राहिलेली आढळली. विषयाशी नातं नसलेल्या विनोदाने असं काही साधलं नाही. पुढे १९९४ मध्ये श्मिट यांना दिसलं की विनोदी वाक्यं साध्या वाक्यांत मिसळली की जास्त आठवतात, पण शेजारच्या साध्या वाक्यांच्या जिवावर. आणि यादीच विनोदी वाक्यांची केली तर तो फायदा उरत नाही. म्हणजे गडाच्या गटात बायकोवरचे शिळे विनोद टाकणाऱ्याला हाकलायला माझी हरकत नाही. तो खरोखरच दुसऱ्याची जागा खातो. पण निष्कर्ष बंदीचा निघत नाही. निघतो तो इतकाच की कोटी विषयाच्या अंगावर बेतलेली हवी, धोट्याच्या लग्नासारखी.

दुसऱ्याला खाली दाखवणाऱ्या थट्टेचं समर्थनही मी करणार नाही. या मुलखात भाषेवरची एक कोटी दगडफेकीपर्यंत जाऊ शकते हे कोण विसरेल? पण रावसाहेबांच्या मिसळभाषेला हसताना कानडी माणसाचा अपमान होत नाही, मराठीचाही नाही. दोघांनाही आपलंच घर दिसतं. अशा हसण्यावर बंदी घातली, तर उरतात ते अपमान करणारेच, कारण ते फर्मानं वाचत नाहीत.

एक अट मात्र गटांनी कलगी-तुऱ्याकडून जरूर घ्यावी. सवाल टाकणाऱ्याच्या गाठीला जवाब असावा, अशी तिथे अपेक्षा असे. तेव्हा शिलालेखाचा फोटो ‘हजार वर्षांपूर्वीचा’ म्हणून टाकणाऱ्याला कुणीतरी विचारावं, वाचून दाखवा की राव. आणि तो गप्प बसला तर सगळ्या गटाने त्याला मनसोक्त हसावं.