सातवीची शाळा आणि आठवीचे इंग्रजी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनो, त्या सातवीचीच हकीकत सांगते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मुंबई राज्याचा कारभार बाळासाहेब खेर यांच्याकडे होता. त्यांच्या सरकारने १९४८ च्या सुमारास पाचवी ते सातवीचे इंग्रजी बंद करून ते आठवीपासून ठेवले. आधी मातृभाषा पक्की व्हावी, हा हेतू चांगलाच होता. पण आपल्या कर्जत-खालापुराकडच्या खेड्यांत शाळा सातवीलाच संपे. पुढे शिकायचे तर कर्जत, नेरळ नाहीतर खोपोली गाठायची. मुलग्याला पायी धाडीत. मुलीला कोण धाडणार? इंग्रजी सुरू होई तिथे बायकांची शाळा सुटलेली असे. माझ्या सासूबाई १९६५ साली सातवी पास झाल्या. अक्षर मोत्यासारखे, पावकी-दिडकी तोंडपाठ. पण औषधाच्या बाटलीवरचे नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

१९५४ साली सरकारने हुकूम काढला की, अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स शाळेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी हुकूम रद्द ठरला. शहरातल्या मुलांसाठी वकील उभे राहिले. खेड्यातल्या मुलींसाठी कोर्टात कोण जाणार होते?

माझ्या वेळी, १९९० नंतर, इंग्रजी पाचवीपासून होते, म्हणून मला तीन वर्षे मिळाली. गुरुजी फळ्यावर वाक्य लिहीत, खाली मराठी अर्थ. आम्ही चाररेघी वहीत उतरवून घेत असू. स्पेलिंगे पाठ, धडे पाठ, पण तोंडाने बोलायला कधी लावले नाही. तान्हे मूल आधी ऐकते, मग बोलते, लिहिते सर्वांत शेवटी. आमचे सगळे उलटे!

जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. टीका पुष्कळ झाली, आणि शिकवणाऱ्यांचीच तयारी कुठे आहे, हा प्रश्न खोटा नव्हता. तरी मला तो निर्णय बरा वाटतो. सातवीत शाळा सुटलेल्या मुलीच्याही पदरी सात वर्षे पडतात. माझी धाकटी पहिलीत असताना हातवारे करीत इंग्रजी गाणी म्हणत घरी येई.

हल्ली दुपारी ओटीवर सासूबाई नातीपुढे पाटी घेऊन बसतात. मोठी एबीसीडी झाली आहे, लहान चालू आहे.