ऱ्हाईनकाठचे एक थडगे

फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याने इ. स. ५०० च्या सुमारास बिशप रेमिगियस याच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि त्याची प्रजा ख्रिस्ती झाली, असे इतिहासाची पुस्तके एका वाक्यात सांगून मोकळी होतात. पण राजाच्या शिरावर पाणी पडले म्हणून नांगर धरणाऱ्याच्या मनातले जुने देव रातोरात उठून गेले काय? खेडुतांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. लिहिणारे होते ते धर्मोपदेशक. म्हणून आपल्याला दगडांकडे वळावे लागते.

जर्मनीत बॉनजवळ, ऱ्हाईनच्या उजव्या तीरावर नीडरडोलेंडॉर्फ हे गाव आहे. तेथील फ्रँक दफनभूमीत १९०१ साली चुनखडीचा एक कोरीव दगड सापडला. उंची जेमतेम हातभर. काळ सातवे शतक, म्हणजे क्लोव्हिसनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आज तो बॉनच्या संग्रहालयात आहे.

त्याच्या एका बाजूस मृत पुरुष उभा आहे. कमरेला रुंद एकधारी शस्त्र, जवळ गोल कुपी, आणि हातात फणी! मेलेला माणूस केस विंचरतो आहे. श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु फ्रँकांच्या थडग्यांत फण्या वारंवार सापडतात, आणि केस हे त्यांच्या लेखी बळाचे चिन्ह होते. सभोवती सर्प जबडे पसरून आहेत. मरण आले आहे, पण गडी हार मानावयास तयार नाही.

आता दगड फिरवावा. मागील बाजूस हाती भाला घेतलेली एक आकृती आहे. छातीवर वर्तुळ, मस्तकाभोवती किरण, पायांखाली वेटोळी. अनेक विद्वानांच्या मते हा मृत्यूवर जय मिळविणारा ख्रिस्त होय. काहींना तो जुना जर्मन देव वाटतो. हा वाद सुटला नाही, आणि माझ्या मते त्यातच दगडाचे मोल आहे. हा ख्रिस्तच असेल, तर तो क्रूसावरचा दुःखमूर्ती नव्हे. शेतकरी योद्ध्याला ओळखीचा वाटावा असा भालाधारी सरदार आहे. नवा देव गावात आला तो गावाचाच वेष घेऊन.

पुढे इ. स. ७०० च्या सुमारास या भागात मृतासोबत शस्त्रे व फण्या पुरण्याची चाल मागे पडली. शेताकडेच्या जुन्या दफनभूमी ओस पडत गेल्या, आणि गावकरी आपली माणसे चर्चच्या आवारात पुरू लागले.